समेवर येणारा ठोसा

फायटिंग गेममध्ये एका सेकंदाचे साठ भाग पडतात. स्ट्रीट फायटर असो की टेकन, पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं आणि त्या प्रत्येक चित्राला, म्हणजे फ्रेमला, खेळात वजन असतं. एखादा ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो, एखादी लाथ सोळाव्या. टेकनमधल्या काझुया या पात्राचा ‘इलेक्ट्रिक’ म्हणून ओळखला जाणारा ठोसा काढायचा तर शेवटची दिशा आणि बटण अगदी एकाच फ्रेमवर पडावं लागतं. एक फ्रेम हुकली की ठोसा निघतो, पण वीज चमकत नाही. इतक्या बारीक वेळेवर चालणाऱ्या खेळाला संगीताची जोड द्यावी असं खेळाडूंना वाटलं नसतं तरच नवल. आपल्या ऑनलाइन सामन्यांतले निवडक क्षण कापायचे, ते गाण्याच्या ठेक्यावर बसवायचे आणि दोन-तीन मिनिटांची एक चित्रफीत करायची. पोरं त्याला मोंटाज म्हणतात.

असे मोंटाज करणारी पोरं भिवंडीतही आहेत. भिवंडी हे यंत्रमागांचं शहर, आणि मुंबई-नाशिक महामार्गाच्या आधाराने आता गोदामांचंही. २०११च्या जनगणनेत वस्ती सात लाखांच्या वर गेलेली; कानावर उर्दू, मराठी, हिंदी, तेलुगू अशा चार भाषा सहज पडतात. इथल्याच काय, देशभरातल्या मुलांना मोंटाजची गोडी लागली ती मुख्यतः पबजी या बंदुकीच्या खेळामुळे. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, तोवर त्या खेळाचे मोंटाज मोबाइलवर कापणं हा हजारो पोरांचा उद्योग झाला होता. पुढे २०२१मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला आणि मोंटाजही परत आले.

फायटिंग गेमचा मोंटाज मात्र वेगळ्या जातीचा आहे. बंदुकीच्या खेळात प्रत्येक गोळी सुटी असते. एक गोळी या सामन्यातली, दुसरी त्या सामन्यातली. हवी तशी कापा, गाण्याच्या प्रत्येक ठोक्यावर एकेक चिकटवा, बघणाऱ्याचं काही अडत नाही. फायटिंग गेममधला कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडून बसणाऱ्या फटक्यांची साखळी, असा तोडता येत नाही. पहिला फटका बसला म्हणून समोरचा हवेत उडाला, हवेत होता म्हणून दुसरा बसला, दुसऱ्याने भिंतीवर आदळला म्हणून तिसरा. मधला एक फटका काढला तर पुढच्याला अर्थ उरत नाही. म्हणजे कॉम्बोला स्वतःची लय असते, आणि ती सामना चालू असतानाच ठरून जाते.

कॉम्बोचा जन्म मोठा मजेचा आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीचा स्ट्रीट फायटर २ हा खेळ १९९१मध्ये आला. तो तयार होत असताना, मोटार फोडण्याच्या बोनस फेरीत चुका तपासताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की वेळ अचूक साधली तर एका फटक्याला जोडूनच दुसरा लागतो. ही करामत इतकी अवघड आहे की कुणाला फारशी जमणार नाही, असं समजून ती खेळात तशीच राहू दिली. खेळाडूंनी ती हुडकून काढली, आणि गेल्या तीन दशकांतले बहुतेक फायटिंग गेम त्या पायावर उभे आहेत. भारतात गल्लीबोळांतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नव्वदच्या दशकापासून द किंग ऑफ फायटर्स ९७ आणि घरगुती प्लेस्टेशनवरचा टेकन ३ यांच्यावर जी पिढी वाढली, तिने कॉम्बो हा शब्द कळण्याआधी कॉम्बो केले. पार्लरमध्ये त्याचं काही मागे उरत नसे. भोवती उभ्या असलेल्या चारजणांनी पाहिलं, एवढाच पुरावा.

रेकॉर्डिंगची सोय आली आणि चित्र पालटलं. २०१३च्या प्लेस्टेशन ४च्या हातातल्या कंट्रोलरवर ‘शेअर’चं बटण आलं, यंत्र मागची पंधरा मिनिटं आपसूक जपून ठेवू लागलं. संगणकावर ओबीएस स्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर आहे. कापाकापीसाठी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती मिळते, आणि संगणक नसेल तर मोबाइलवर काइनमास्टर आहेच. साधनं महाग असल्याची सबब आता फारशी उरलेली नाही.

पण साधनं तुटपुंजी असतानाही यंत्रमागाच्याच एका गावाने हे काम करून दाखवलं होतं. मालेगावचे शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवायचे. एडिटिंगचं यंत्र परवडणारं नव्हतं, तेव्हा दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून, एकावर फीत चालवायची आणि हव्या त्या जागी दुसऱ्यावर उतरवून घ्यायची, असं करत ते कापायला आणि जोडायला शिकले. २०००मध्ये त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ करताना सुपरमॅनला उडवायला त्यांनी ट्रकच्या अंगाला हिरवं कापड ताणून पडदा केला. यंत्रमाग कामगार असलेले शफीक त्यात सुपरमॅन झाले होते. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात हे सगळं टिपलेलं आहे, आणि २०२५मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरांत लागला. नासिर यांनी गेमचे मोंटाज केले नाहीत. पण दुसऱ्याने घडवलेलं चित्र घ्यायचं, त्यातलं नेमकं तेवढंच उचलायचं आणि जोडणीतून त्याला आपलं करायचं, ही विद्या तीच आहे. आज भिवंडीतला मुलगा जे मोबाइलवर बोटाने सरकवतो, ते नासिर दोन यंत्रांची बटणं एकाच वेळी दाबून करत होते.

आपल्या सिनेमात गाणं आधी रेकॉर्ड होतं आणि चित्रीकरण नंतर. गाणं सेटवर वाजतं, नट त्यावर ओठ हलवतात, पाय टाकतात. चित्र गाण्याच्या मागून चालतं. हॉलिवूडच्या जुन्या कार्टूनमध्ये याच्या उलटही चालायचं: चित्रातला उंदीर पायरी उतरला की वाद्याचा सूर उतरायचा. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन आणि संगीतकार प्रोकोफिएव्ह यांनी १९३८च्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’त दोन्ही केलं, काही प्रसंगांत संगीत आधी, काहींत चित्र आधी. मोंटाज करणाऱ्याला या दोन्ही सवलती नाहीत. गाणं होऊन गेलेलं आहे, त्याची एक मात्रा बदलता येत नाही. सामनाही होऊन गेलेला आहे, त्यातला ठोसा पुन्हा मारता येत नाही. दोन पूर्ण झालेल्या गोष्टी एकमेकींवर अशा ठेवायच्या की त्या एकमेकींसाठीच घडल्या असं वाटावं. सारं कसब निवडीत आणि जागेत आहे.

म्हणून जाणता एडिटर आधी गाणं ठरवून मग त्यात कॉम्बो कोंबत बसत नाही. तो कॉम्बोचा वेग ओळखतो आणि त्याला शोभेल असं गाणं शोधतो. ज्याच्या खेळात तीन-चार जड फटके आणि मध्ये दम घेण्याची जागा आहे, त्याला संथ, जाड ठेक्याचं गाणं लागतं. ज्याचं पात्र सेकंदाला चार-पाच हलके वार करतं, त्याला वेगवान.

थोडं गणित इथे करावंच लागतं. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे मिनिटाला ३,६००. गाण्यात मिनिटाला जितके ठोके, त्याने ३,६००ला भागा. दोन ठोक्यांतलं अंतर फ्रेममध्ये मिळतं. १२० ठोक्यांच्या गाण्यात ते बरोबर ३० फ्रेम येतं, १५०च्या गाण्यात २४, १००च्या गाण्यात ३६. अशी गाणी हाताळायला सोपी. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात मात्र १२८ हा वेग फार चालतो, आणि तिथे उत्तर येतं २८.१२५. फ्रेमचा आठवा हिस्सा काही कापता येत नाही. नवखा मुलगा तो सोडून देतो आणि दर २८ फ्रेमवर खूण करत जातो. पहिल्या दहा सेकंदांत काहीच जाणवत नाही. चौसष्टाव्या ठोक्यापर्यंत मात्र आठ फ्रेमची चूक साचलेली असते, आणि मग ठोसा आधी, ढोल नंतर असा प्रकार होऊन बसतो. काय बिघडलं हे त्याला कळत नाही. तोडगा साधा आहे. या वेगात दर आठ ठोक्यांनी हिशेब पुन्हा पूर्णांकावर येतो, बरोबर २२५ फ्रेमवर. पक्क्या खुणा तेवढ्याच करायच्या आणि मधल्या खुणा कानाने जुळवायच्या.

जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना हा हिशेब लागूच पडत नाही. तेव्हा वादक एका खोलीत बसून एकत्र वाजवायचे. अंतऱ्यात लय किंचित चढायची, मुखड्यावर किंचित उतरायची. अशा गाण्यावर प्रत्येक ठोक्याची खूण हाताने करावी लागते. ते करायची तयारी असेल तर त्याचं फळ मोठं आहे, कारण ती लय माणसांची असते आणि समोर खेळणारीही माणसंच असतात.

आता खूण नेमकी कुठे जुळवायची? हात पुढे निघतो त्या फ्रेमवर, की फटका लागतो त्या? स्ट्रीट फायटरमध्ये फटका लागला की मारणारा आणि मार खाणारा दोघंही काही फ्रेम जागच्या जागी थिजतात. खेळ बनवणाऱ्यांनी ही थिजण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. तिच्यामुळेच फटक्याला वजन येतं. ढोलाचा ठोका या थिजण्याच्या पहिल्या फ्रेमवर यावा. टेकन ७मध्ये आणखी एक गंमत आहे: दोघांचंही बळ संपत आलेलं असताना दोघांनी एकदम वार केला तर खेळ स्वतःहून मंद गतीत जातो आणि कुणाचा वार आधी पोहोचतो ते दाखवतो. गाण्यात जिथे वाद्यं थांबतात आणि पुढचा ठोका पडायचा बाकी असतो, ती जागा या क्षणासाठीच आहे. अशा वेळी एडिटरने वर आपली आणखी मंद गती चढवली तर बनलेली गोष्ट बिघडते. मंद गतीचा सोस हा मोंटाजचा मोठा रोग आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. प्रत्येक ठोसा संथ केला की कुठलाच ठोसा मोठा राहत नाही.

कान आणि डोळा यांचाही विचार करावा लागतो. आकाशात वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो; त्यामुळे आवाज थोडा उशिरा आला तर मेंदू खपवून घेतो, आधी आला तर लगेच खटकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारणविषयक शिफारशीत याचे आकडे आहेत: आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतं, मागे पडला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. साठ फ्रेमच्या हिशेबात पुढच्या बाजूला दोन फ्रेमची सूट मिळते आणि मागच्या बाजूला सातांची. म्हणून शंका असेल तेव्हा चित्र एक-दोन फ्रेम आधी ठेवावं.

मोंटाजसाठी घेतलेला सामना ऑनलाइन झालेला असतो, आणि त्याचे फायदे-तोटे दोन्ही मोंटाजमध्ये उतरतात. फायदा रिप्लेचा. रिप्ले म्हणजे रेकॉर्ड केलेली चित्रफीत नव्हे. कोणत्या फ्रेमला कुणी कोणतं बटण दाबलं, एवढीच नोंद खेळ ठेवतो आणि पाहताना सारा सामना त्या नोंदीवरून नव्याने खेळून दाखवतो. त्यामुळे रिप्ले लावण्यापूर्वी खेळाचं पार्श्वसंगीत सेटिंगमध्ये शून्यावर आणता येतं आणि फटक्यांचे, किंकाळ्यांचे आवाज तेवढे स्वच्छ मिळतात. हे आवाज गाण्याखाली हलके ठेवले की मोंटाज जिवंत वाटतो. पूर्ण पुसले तर कोरडा. पण याच रचनेचा एक तोटाही आहे. कंपनीने खेळात बदल केला, एखाद्या फटक्याची ताकद किंवा वेग बदलला, की जुनी नोंद नव्या नियमांवर चालत नाही आणि जुने रिप्ले बाद होतात. जून २०२३मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर ६च्या खेळाडूंना मोठ्या अपडेटनंतर हा अनुभव येतो. आवडलेला सामना त्याच रात्री चित्रफितीत उतरवून घ्यावा, उद्यावर टाकू नये.

उतरवून घेताना दोन पथ्यं. फितीचा वेग सेकंदाला साठ फ्रेमच ठेवावा, कारण तीसवर नेलं की प्रत्येक दुसरी फ्रेम गळते आणि फटका लागल्याची नेमकी फ्रेमच नाहीशी होऊ शकते. आणि मोबाइलचे स्क्रीन रेकॉर्डर फ्रेमचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करतात. अशी फीत थेट एडिटिंगला घेतली की चित्र आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. आधी ती एकसारख्या वेगात बदलून घ्यावी लागते. भिवंडीसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर ते दीडशे वेळा धोटा फेकतो. खोलीतल्या माइकने आवाज घेतला तर शेजारच्या कारखान्याची ही दुसरीच लय फितीत शिरते, आणि ती गाण्याच्या वेगाच्या इतकी जवळची असते की पुढे वेगळी काढणं कठीण. आवाज यंत्राच्या आतूनच घ्यावा.

ऑनलाइन खेळण्याचा तोटा अंतराचा. समोरचा खेळाडू सिंगापूरला असेल, तर मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या प्रकाशाला जाऊन यायला चाळीस मिलिसेकंद, जवळजवळ अडीच फ्रेम लागतात. प्रत्यक्षात वाट वळणाची असते आणि वेळ त्याहून जास्तच. एकेका फ्रेमवर चालणाऱ्या खेळात याने घोळ होतो. अमेरिकेतल्या टोनी कॅनन यांनी यावर जीजीपीओ नावाचा उपाय काढला, आणि २०१९मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. युक्ती अशी: समोरच्याचं बटण अजून पोहोचलं नसलं तरी खेळ थांबत नाही, समोरचा मघाशी जे करत होता तेच करतोय असं धरून पुढे चालतो. खरी बातमी आल्यावर अंदाज चुकल्याचं दिसलं, तर खेळ क्षणात मागे जाऊन त्या फ्रेम नव्याने घडवतो. याला रोलबॅक म्हणतात. जोडणी चांगली असेल तर खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वाईट असेल तर पात्र इथून तिथे उडी मारल्यासारखं दिसतं, उचललेला हात मध्येच गायब होतो. खेळताना पडद्यावरून थेट रेकॉर्ड केलेल्या फितीत या उड्या तशाच राहतात. बटणांच्या नोंदीवरून घडवलेल्या रिप्लेमध्ये त्या नसतात, कारण तिथे कुणाची वाट पाहायची नसते. चांगल्या मोंटाजची फीत रिप्लेवरून घ्यावी याचं हे दुसरं कारण.

इथवरचं सगळं शिकण्याजोगं आहे, आणि चिकाटी असेल तर महिन्या-दोन महिन्यांत येतंही. खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो: दाखवायचं काय? बहुतेक मोंटाज इथे फसतात. फटका, फटका, फटका, प्रत्येक ठोक्यावर एक, तीन मिनिटं अखंड. अर्ध्या मिनिटात डोळा थकतो.

तबल्याच्या बैठकीत बसलेल्या माणसाला यातली चूक सांगावी लागत नाही. त्रितालाच्या सोळा मात्रांत समेचं जे सुख आहे ते आधीच्या पंधरा मात्रांमुळे आहे, आणि नवव्या मात्रेवर खाली आहे म्हणून आहे. तिहाईचा बोल तीनदा येतो, तिसऱ्या वेळी समेवर पडतो आणि सभा ‘वाहवा’ म्हणते. ती दाद वाट पाहायला लावल्याची असते. फायटिंग गेममध्येही वाट पाहण्याला फार मोठी जागा आहे. दोघं समोरासमोर, एक पाऊल पुढे, एक मागे, कुणी हात उगारतो आणि मारत नाही, कुणी मुद्दाम अंतर सोडतो. जाणकाराला सामना इथेच दिसतो. कॉम्बो हे त्याचं फळ. १२८च्या गाण्यात सोळा ठोके म्हणजे साडेसात सेकंद. त्यात साडेचार सेकंदांचा कॉम्बो ठेवला तर आधीची तीन सेकंदं या पावलांना देता येतात, आणि गाण्याची सम शेवटच्या फटक्यावर नव्हे तर समोरच्याचा बचाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यावर आणता येते. ज्यांचे मोंटाज पुन्हा पाहावेसे वाटतात त्यांच्या हातून हे घडलेलं असतं.

याचं सगळ्यात थोर उदाहरण कुणी मोंटाज म्हणून बनवलेलं नाही. १ ऑगस्ट २००४, कॅलिफोर्नियातली ईव्हो स्पर्धा, खेळ स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक. जपानचे दाइगो उमेहारा केन हे पात्र घेऊन, अमेरिकेचे जस्टिन वाँग चुन-ली घेऊन. केनचं बळ इतकं संपलेलं की नुसता अडवलेला विशेष वारसुद्धा त्याला संपवेल. वाँग पंधरा फटक्यांची लाथांची सरबत्ती सोडतात. या खेळात फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी दांडा पुढे ढकलला तर तो फटका इजा न होता परतवता येतो. चुकलात तर खाल्लात. आणि पहिला फटका परतवायचा तर वार सुरू होतोय न होतोय तोच हात हलवावा लागतो, पाहून हलवायला वेळ नसतो. दाइगो एकेक करत फटके परतवतात. लाथांच्या पहिल्या झोडीनंतर किंचित विराम, मग दुसरी झोड, मग शेवटचा फटका, आणि तो ते हवेत उडी मारून परतवतात. लगोलग उलटा कॉम्बो आणि सामना खलास. गर्दीचा आवाज पहिल्या चार-पाच फटक्यांनंतर चढू लागतो आणि शेवटच्याला फुटतो. त्या फितीवर गाणं घालावं लागत नाही, गर्दीनेच ते काम केलेलं आहे. शिवाय हा क्षण जितका दाइगो यांचा, तितकाच वाँग यांचा. त्यांनी तो वार सोडला नसता तर काहीच घडलं नसतं.

म्हणूनच मोंटाजमध्ये प्रतिस्पर्ध्याला नुसतं मार खाणारं बाहुलं करणं चुकीचं आहे. त्याचा चांगला बचाव दाखवा, त्याने मारलेला एखादा कॉम्बोही ठेवा. मग तुमचं परतणं खरं वाटेल. खेळाला आणि खेळाडूंना आता पुरेशी प्रतिष्ठा आहे. हांगचौच्या आशियाई खेळांत, जे २०२३मध्ये झाले, स्ट्रीट फायटर ५ पदकाचा खेळ होता. भारताकडून अयान बिस्वास आणि मयंक प्रजापती उतरले होते. सुवर्णपदक नेलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वयाच्या ४४व्या वर्षी. शेजारच्या लाहोरचे अर्सलान ॲश यांनी २०१९मध्ये जपानची ईव्हो आणि अमेरिकेची ईव्हो या दोन्ही टेकन ७मध्ये जिंकल्या. त्यांचे सामने पाहिले तर लक्षात येतं की हा माणूस किती कमी मारतो आणि किती वेळ सरकत, टाळत राहतो. मोंटाज करणाऱ्याने त्यांच्याकडून हेच उचलावं.

राहिला गाण्याच्या हक्काचा विषय. सिनेमातलं गाजलेलं गाणं उचलून लावणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७पासून चालू आहे. चढवलेल्या प्रत्येक फितीचा आवाज ती हक्कदारांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळला तर हक्कदार फीत अडवू शकतो, किंवा जाहिरातीचं उत्पन्न स्वतःकडे वळवू शकतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापर, टीका, समीक्षा, वृत्तांकन अशा कामांना सूट देतं. अख्खं गाणं मागे लावून जाहीर केलेली करमणूक त्यात बसवणं कठीण. ज्याने गाणं रचलं, वाजवलं, त्याचा तो हक्क आहे, आणि दुसऱ्याच्या कसबावर आपलं कसब उभं करणाऱ्याने तो मानलाच पाहिजे. ब्रिटनच्या नोकॉपीराइटसाउंड्ससारख्या संस्थेची गाणी नाव देण्याच्या अटीवर वापरता येतात, यूट्यूबचा स्वतःचा ऑडिओ संग्रह आहे. आणि भिवंडी-कल्याण-ठाणे पट्ट्यात ढोल-ताशा वाजवणारी, घरच्या संगणकावर ठेका बांधणारी मुलं थोडी नाहीत. त्यांच्याकडून परवानगीने ठेका घ्यावा, किंवा मोंटाजसाठीच बांधून घ्यावा. मग १२८च्या अपूर्णांकांची कटकटही संपते. पाहिजे तर १५०वर बांधायला सांगा, दर ठोक्याला बरोबर चोवीस फ्रेम.

एक शेवटची रीत, जी अजून फार थोडे पाळतात. ऑनलाइन सामन्यात पडद्यावर दोन्ही खेळाडूंची टोपणनावं दिसतात. हरलेल्याने आपली हार जगाला दाखवायला संमती दिलेली नसते. नाव झाकावं, किंवा फीत जाहीर करण्याआधी त्याला पाठवून विचारावं. बहुतेक खेळाडू आनंदाने हो म्हणतात. आणि त्याच सामन्याची बटणांची नोंद त्याच्याकडेही असते. मनात आलं तर तो त्यातल्या आपल्या जिंकलेल्या फेरीवर दुसरं गाणं लावून आपला मोंटाज काढतो.